बॅकवर्ड कंपॅटिबिलिटी आणि कन्सोल गेमची डिजिटल खरेदी

नव्या पिढीच्या कन्सोलवर आधीच्या पिढीचा गेम चालणं म्हणजे बॅकवर्ड कंपॅटिबिलिटी. कार्ट्रिज आणि डिस्कच्या काळात हा प्रश्न हार्डवेअरपुरताच होता, डिस्क आत टाकली की मशीनला ती वाचता येते का एवढंच बघायचं. गेम डाउनलोड करून विकत घेणं सुरू झालं तसं त्यात अजून दोन गोष्टी शिरल्या, एक म्हणजे आपल्या अकाउंटवरचा परवाना आणि दुसरी म्हणजे गेमची फाइल देणारं कंपनीचं ऑनलाइन स्टोअर. तिन्ही गोष्टी शाबूत असतील तरच आज घेतलेला गेम पुढच्या मशीनवर सुरू होतो, पण घेताना बहुतेक जण फक्त पहिली, म्हणजे हार्डवेअर, बघतात.

सुरुवात कुठून धरायची

यावर एकमत नाहीये. बऱ्याच ठिकाणी अटारी ७८०० ला पहिला मान दिला जातो. हा कन्सोल १९८४ मध्येच तयार होता पण त्याची व्यापक विक्री साधारण १९८६ मध्ये सुरू झाली, आणि त्याच्या आधीच्या अटारी ५२०० वर (१९८२) त्याहून जुन्या अटारी २६०० ची कार्ट्रिज थेट चालत नसल्यामुळे गिऱ्हाइकं नाराज होती हे ७८०० वर ती चालवण्यामागचं एक कारण मानतात. दुसरा पक्ष म्हणतो की कोलेको कंपनीच्या कोलेकोव्हिजन या कन्सोलला जोडायचं एक्सपान्शन मॉड्यूल १९८२ मध्येच आलं होतं आणि त्यावर २६०० चे गेम चालायचे, मग पहिला मान त्याला का नाही? पण ते मॉड्यूल म्हणजे डब्यात घातलेली जवळजवळ पूर्ण वेगळी २६०० च होती, तीही प्रतिस्पर्धी कंपनीची नक्कल, आणि त्यावरून दोन्ही कंपन्या कोर्टातही गेल्या. ७८०० मध्ये मात्र २६०० ची चित्र आणि आवाज तयार करणारी टीआयए चिप मूळ बोर्डवरच होती आणि जुनं कार्ट्रिज लावलं की प्रोसेसर १.७९ मेगाहर्ट्झवरून १.१९ वर उतरायचा, म्हणजे मशीन स्वतःच जुन्या मशीनसारखं वागायला लागायचं. आज आपण ज्याला बॅकवर्ड कंपॅटिबिलिटी म्हणतो ते हेच, त्यामुळे ७८०० चा दावा जास्त पटतो.

डिजिटल खरेदीच्या सुरुवातीचा वाद अजून गुंतागुंतीचा आहे. इंटेलिव्हिजन या कन्सोलसाठी १९८१ मध्ये प्लेकेबल नावाची सेवा होती, केबल टीव्हीच्या तारेतून गेम यायचा आणि मशीन बंद केलं की जायचा. १९८३ ची गेमलाइन टेलिफोनवरून २६०० चे गेम द्यायची, पण ठरावीक वेळाच खेळता यायचे. सेगा चॅनल (१९९४) आणि जपानमधली सॅटेलाव्ह्यू (१९९५) याच धर्तीवरच्या. या सगळ्या सेवा भाड्याच्या होत्या, खरेदीच्या नव्हेत. जपानमध्ये निन्टेन्डोच्या फॅमिकॉम डिस्क सिस्टिमसाठी (फॅमिकॉम कन्सोलला जोडायचा डिस्क ड्राइव्ह) १९८६ पासून दुकानात डिस्क रायटर यंत्रं असायची, आपली डिस्क न्यायची, ५०० येन द्यायचे आणि नवा गेम त्यावर लिहून घ्यायचा. नवी वस्तू न घेता नुसत्या डेटाचे पैसे मोजायचा व्यवहार इथे स्पष्ट दिसतो, म्हणून काही जण यालाच डिजिटल खरेदीचं मूळ मानतात. पण त्यात अकाउंट नव्हतं, गेम त्या डिस्कवरच राहायचा. अकाउंटशी बांधलेली कायमची खरेदी या अर्थाने २००४ मध्ये सुरू झालेल्या मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स लाइव्ह आर्केड या डाउनलोड सेवेपासून मोजणं जास्त बरोबर वाटतं.

जुना गेम नव्या मशीनवर कसा चालतो

मार्ग साधारण तीन. जुनी चिप नव्या मशीनमध्ये बसवायची, जुन्या मशीनची नक्कल सॉफ्टवेअरने करायची म्हणजे एम्युलेशन, किंवा प्रोसेसरचं घराणंच बदलायचं नाही.

पहिला मार्ग सोनीने प्लेस्टेशन २ मध्ये (२०००) फार हुशारीने वापरला. पहिल्या प्लेस्टेशनचा प्रोसेसर त्यात इनपुट-आउटपुट सांभाळायच्या कामाला लावला होता आणि जुनी डिस्क टाकली की तोच मुख्य प्रोसेसर व्हायचा, त्यामुळे तो निव्वळ जुन्या गेमसाठी वाढवलेला खर्च नव्हता. प्लेस्टेशन ३ मध्ये (२००६) हे जमलं नाही. सुरुवातीच्या २० आणि ६० जीबी मॉडेलमध्ये पीएस२ चा प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप दोन्ही होत्या, २००७ मध्ये युरोपात आलेल्या मॉडेलमधून प्रोसेसर काढून त्याचं काम एम्युलेशनवर सोपवलं, आणि त्याच वर्षीच्या ४० जीबी मॉडेलपासून पीएस२ च्या डिस्क चालणंच बंद झालं. नाव एकच, डबा जवळजवळ तसाच, पण आत काय आहे ते मॉडेल नंबरवरूनच कळायचं, आणि सेकंडहँड घेणाऱ्याने आजही तो बघूनच घ्यावा. पीएस१ च्या डिस्क मात्र सगळ्या पीएस३ वर चालतात.

पीएस३ चा सेल प्रोसेसर इतका वेगळा होता, एक मुख्य कोअर आणि सोबत छोटे एसपीई कोअर ज्यांना काम कसं वाटायचं ते प्रोग्रामरने स्वतः ठरवायचं, की त्यासाठी लिहिलेले गेम २०१३ च्या पीएस४ वर चालवणं शक्य झालं नाही आणि पीएस३ वर घेतलेले गेम तिथेच अडकले. पीएस४ पासून सोनी एएमडीच्या एक्स८६ चिपवर, म्हणजे साध्या पीसीत असते त्या घराण्याच्या चिपवर आली आणि तिसरा मार्ग मोकळा झाला. तरी चिप एकाच घराण्याची असली की झालं असं नसतं, कारण कन्सोलचे गेम ठरावीक वेग धरून लिहिलेले असतात आणि हार्डवेअर अचानक फास्ट झालं तर काही गेम बिघडतात. म्हणून पीएस४ प्रो साधे पीएस४ गेम चालवताना जीपीयूचा (ग्राफिक्स चिपचा) अर्धा भाग बंद ठेवतो, ३६ पैकी १८ कंप्युट युनिट. पीएस५ च्या जीपीयूमध्ये चालू युनिट बरोबर ३६ आहेत, प्रो एवढीच, आणि हा योगायोग नसावा. पीएस४ चे काही मोजके सोडले तर सगळे गेम पीएस५ वर चालतात.

मायक्रोसॉफ्टचा भर एम्युलेशनवर. पहिल्या एक्सबॉक्सची चिप इंटेलची, त्यानंतरच्या एक्सबॉक्स ३६० ची वेगळ्याच घराण्याची पॉवरपीसी, त्यामुळे जुने गेम चालवायला ३६० ला हार्ड डिस्क लागायची आणि यादीही मर्यादित राहिली. एक्सबॉक्स वनवर ३६० चे गेम नोव्हेंबर २०१५ मध्ये १०४ गेमपासून सुरू झाले. यात डिस्कवरचा गेम थेट चालत नाही, डिस्क फक्त मालकीचा पुरावा म्हणून वाचली जाते आणि नव्याने पॅक केलेली आवृत्ती नेटवरून उतरते, डिजिटल घेतलेला असेल तर तो लायब्ररीत आपोआप दिसतो. म्हणजे तांत्रिक काम झालं तरी प्रकाशकाची परवानगी लागतेच, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये ७० हून जास्त गेमची शेवटची भर घालून हा कार्यक्रम थांबला तेव्हा तांत्रिक मर्यादेबरोबर परवान्यांची आणि कायद्याची मर्यादाही कारण म्हणून सांगितली गेली.

निन्टेन्डोच्या हँडहेल्डमध्ये, म्हणजे हातात धरून खेळायच्या मशीनमध्ये (गेम बॉय अॅडव्हान्स, डीएस, ३डीएस) लगतच्या आधीच्या पिढीचे गेम चालायचे. २०१७ च्या स्विचने ही साखळी तोडली, स्विच २ ने (२०२५) पुन्हा जोडली.

परवाना आणि स्टोअर

डिजिटल स्टोअरमध्ये ‘विकत घ्या’ बटण दाबल्यावर मिळतो तो वापरायचा परवाना. हे कराराच्या मजकुरात आधीपासून होतं, पण ग्राहकाला ठळकपणे सांगण्याची सक्ती करणारा कॅलिफोर्नियाचा कायदा १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. त्याआधी ३१ मार्च २०२४ ला द क्रू या सतत ऑनलाइन राहावं लागणाऱ्या रेसिंग गेमचे सर्व्हर बंद झाले होते आणि पैसे भरून घेतलेला गेम, डिस्कवरचा सुद्धा, कुठल्याच मशीनवर खेळता येईना. अशा वेळी बॅकवर्ड कंपॅटिबिलिटी कितीही चांगली असली तरी उपयोग शून्य, आणि यातून युरोपात उभी राहिलेली, विकलेला गेम खेळण्याजोगा ठेवा असं म्हणणारी मोहीम अगदी रास्त आहे.

स्टोअर बंद होण्याचेही दोन प्रकार आहेत आणि ते वेगळे ओळखायला हवेत. पहिल्यात नवी खरेदी थांबते पण आधी घेतलेलं पुन्हा डाउनलोड करता येतं. निन्टेन्डोचे ३डीएस आणि वी यू (२७ मार्च २०२३) किंवा एक्सबॉक्स ३६० (२९ जुलै २०२४) यांचं असं झालं. दुसऱ्यात पुन्हा डाउनलोडही जातं. पी.टी. हा फुकट दिलेला डेमो २०१५ मध्ये काढला तो असाच, ज्यांच्या मशीनमध्ये होता त्यांच्याकडेच राहिला. पीएस३ आणि सोनीच्या व्हिटा हँडहेल्डचं स्टोअर बंद करायची घोषणा मार्च २०२१ मध्ये झाली होती, लोकांनी इतका आवाज केला की पुढच्याच महिन्यात ती मागे घेतली गेली. अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत असं व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ च्या पाहणीत दिसलं, तेव्हा हा आवाज उगाच नव्हता.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट पीएस४ च्या आतल्या घड्याळाची. ट्रॉफीच्या (गेममधल्या कामगिरीबद्दल मिळणाऱ्या बक्षिसांच्या) नोंदीसाठी मशीन वेळ तपासायचं, मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपली की वेळ जायची, ती परत घ्यायला सोनीचा सर्व्हर लागायचा, आणि सर्व्हर नसेल तर डिजिटलच काय डिस्कचे गेमही अडायचे. सप्टेंबर २०२१ च्या ९.०० अपडेटनंतर ही अडचण दूर झाल्याचं तपासणाऱ्यांना आढळलं.

डिस्क घ्यायची का डिजिटल याचं उत्तर मशीनवरही ठरतं. ड्राइव्ह नसलेल्या पीएस५ वर पीएस४ च्या डिस्कचा संग्रह निरुपयोगी, वेगळा ड्राइव्ह जोडता येत असेल तर गोष्ट निराळी. पीएस४ च्या डिस्कवरून पीएस५ ची आवृत्ती मिळवली तर खेळताना दर वेळी ती डिस्क आत लागते. स्विच २ च्या गेम-की कार्डमध्ये तर गेम नसतोच, कार्ड लावून गेम आधी डाउनलोड करावा लागतो आणि नंतरही खेळताना कार्ड आत ठेवावं लागतं; असं कार्ड दुसऱ्याला विकता येतं, पण घेणाऱ्याला गेम मिळतो तो निन्टेन्डोचा सर्व्हर चालू आहे तोवरच.