ग्वेइझी तांग

ग्वेइझी तांग : सर्दी-तापावरील पारंपरिक चिनी काढा. ‘ग्वेइझी’ म्हणजे चिनी दालचिनीची डहाळी, ‘तांग’ म्हणजे काढा. दालचिनी, पिओनी या फुलझाडाचे मूळ, आले, भाजलेले ज्येष्ठमध व सुकी चिनी बोरे ही यातील पाच द्रव्ये. अंगात ताप, डोके दुखते, वारा सोसवत नाही आणि घाम येऊनही बरे वाटत नाही, अशा रुग्णासाठी हा काढा सांगितला आहे. घाम मुळीच येत नसेल, तर एफेड्रा ही वनस्पती असलेला वेगळा काढा देतात.

शांगहान लून या चिनी वैद्यकग्रंथात तो प्रथम सविस्तर आढळतो. हान काळाच्या अखेरीस, इ. स. 200 च्या सुमारास, झांग झोंगजिंग या वैद्याने मूळ ग्रंथ रचला असे मानतात. दोनशेहून अधिक माणसांच्या आपल्या कुळातील दोनतृतीयांश लोक दहा वर्षांच्या आत दगावले, असे प्रस्तावनेत म्हटले आहे. तिसऱ्या शतकात वांग शूहे या वैद्याने विस्कळीत मजकूर पुन्हा लावला. प्रचलित पाठ मात्र सोंग काळात 1065 मध्ये छापलेल्या आवृत्तीवर आधारलेला आहे. वायव्य चीनमधील तुनह्वांग येथील म्हणून सांगितल्या जाणाऱ्या एका हस्तलिखितात हीच पाच द्रव्ये दुसऱ्या नावाने येतात. त्यावरून काढा झांगपूर्व असावा, असे काहींचे मत आहे; पण ते हस्तलिखित नष्ट झाले असून केवळ नकला उरल्या आहेत. त्यामुळे हा पुरावा जपूनच वापरावा लागतो.

खरा वाद वजनांचा आहे. दालचिनी, पिओनी व आले प्रत्येकी 3 ल्यांग (जुने चिनी वजनमाप), ज्येष्ठमध 2 ल्यांग आणि बोरे 12, असे मूळ प्रमाण. सोळाव्या शतकात लि शिजेन या वैद्याने जुन्या एका ल्यांगऐवजी त्याच्या काळच्या ल्यांगचा दहावा भाग पुरे, असे लिहिले. आजच्या पाठ्यपुस्तकांतील 9 ग्रॅम दालचिनी त्याच धोरणाची. हानकालीन वजनांवरून मात्र एक ल्यांग सुमारे 14 ते 15.6 ग्रॅम भरतो. बोरे मोजून घालायची असल्याने वजनमाप बदलले तरी बारा ती बाराच राहतात. बारा बोरांशेजारी 9 ग्रॅम दालचिनी फारच थोडी दिसते, म्हणून जड ल्यांगचा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो. शिवाय मूळ प्रमाण तीन मात्रांचे मिळून आहे, हे विसरू नये.

मूळ पाठात दालचिनीची ‘साल काढावी’ असे आहे. डहाळीची साल काढली तर वासच उरत नाही. तेव्हा त्या काळी खोडाची साल, वरचा खरबरीत पापुद्रा खरवडून, वापरत असावेत. जपानमध्ये आजही सालच वापरतात.

कृती : द्रव्ये घालून सात शंग (जुने चिनी माप; सुमारे 1.4 लि.) पाणी मंद आचेवर तीन शंग उरेपर्यंत आटवावे आणि एक शंग काढा कोमट प्यावा. थोड्या वेळाने तांदळाची पातळ गरम पेज प्यावी व पांघरूण घेऊन सुमारे दोन तास पडून राहावे. अंग नुसते ओलसर व्हावे. घामाच्या धारा लागू देऊ नयेत. एका मात्रेने बरे वाटले, तर उरलेला काढा घ्यायचा नाही. गार, तेलकट, मांस व मद्य वर्ज्य.

पोटाच्या तक्रारींसाठी याच काढ्याला वळण दिले जाते. चुकून रेचक दिल्याने पोट फुगून दुखू लागल्यास पिओनी दुप्पट, म्हणजे 6 ल्यांग करतात. त्यात धान्याच्या मोडांपासून केलेली साखरेची राब घातली की श्याओ ज्यानझोंग तांग हा पोटदुखीवरील काढा होतो.

जपानमध्ये हा काढा ‘केइशितो’ या नावाने आरोग्य विम्यात समाविष्ट आहे. ज्येष्ठमध दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाब वाढून पोटॅशियम घटू शकते.