नऊ सेकंदांचा हिशेब

रोलर कोस्टरची गाडी फलाटाला लागते. आधीचे लोक एका बाजूने उतरतात, पुढचे दुसऱ्या बाजूने चढतात आणि मग निळ्या टी-शर्टातली दोन पोरं कामाला लागतात. खांद्यावर आलेला दांडा खाली दाबून बघायचा, वर ओढून बघायचा, पट्ट्याचं बक्कल तपासायचं, कुणाच्या मांडीवर पर्स दिसली तर ती काढून कप्प्यात ठेवायला लावायची आणि पुढच्या ओळीकडे सरकायचं. शेवटची ओळ झाली की हात वर. समोर पॅनेलपाशी बसलेला तिसरा बटण दाबतो, गाडी सुटते. रांगेतल्या कुणाचंही या सगळ्याकडे लक्ष नसतं. सगळे माना वर करून लोखंडी चढणीकडे बघत असतात. आपण पाऊण तास उन्हात का उभे आहोत, याचं उत्तर मात्र या फलाटावरच असतं.

हिशेब मांडून बघू. आकडे मी सोयीसाठी घेतलेत, पण खऱ्या राइडच्या अगदीच बाहेरचे नाहीत. गाडीत २० जागा आहेत आणि दर ७२ सेकंदांनी एक गाडी सुटते. म्हणजे तासाला ५० फेऱ्या, १००० माणसं. रविवारी सकाळी ११ ते दुपारी ३ या वेळात दर तासाला १२०० माणसं रांगेत येऊन लागतात. तासाला २०० माणसं शिल्लक राहतात, चार तासांत ८००. तीन वाजता रांगेच्या शेपटाला उभा राहिलेला माणूस ४८ मिनिटांनी गाडीत बसेल.

आता फलाटावर एक माणूस वाढवला, किंवा चढणाऱ्यांना आधीच ओळी वाटून दिल्या, आणि ७२ सेकंदांचे ६३ झाले असं धरू. नऊच सेकंद वाचले. तासाला सुमारे ११४३ माणसं जायला लागली, शिल्लक राहू लागली ५७. चार तासांत रांगेत जमली २२९ आणि शेवटच्या माणसाची वाट बघण्याची वेळ आली १२ मिनिटांवर. काम जेमतेम चौदा टक्क्यांनी वाढलं. थांबणं मात्र एकचतुर्थांशावर आलं.

हे जादूसारखं वाटतं, कारण आपण रांगेकडे माणसांची माळ म्हणून बघतो. ती खरं तर धरणासारखी असते. पावसाळ्यात बातम्यांत आवक आणि विसर्ग असे दोन आकडे येतात ना, तसे दोन आकडे इथेही असतात, आणि पाण्याची पातळी ठरते ती त्या दोघांतल्या फरकावर. फरक २०० वरून ५७ वर आला की धरण साडेतीनपट हळू भरतं.

याच गोष्टीतून दुसरी एक गोष्ट निघते आणि मला वाटतं, पार्क चालवणारे नेमके तिथे चुकतात. रांग वाढलेली दिसली की माणूस वाढवायचा, ही आपली सर्वसाधारण समजूत. वरच्या उदाहरणात तो जादा माणूस ११ ऐवजी दुपारी २ वाजता लावला तर? तोवर ६०० जण जमलेले असतात. पुढच्या तासात त्यात ५७ ची भर पडते आणि तीन वाजता थांबण्याची वेळ राहते साधारण ३४ मिनिटं. पगार त्याच माणसाला, मेहनत तीच, पण सकाळी साचलेलं पाणी तो उपसू शकत नाही. आवक कमी होईपर्यंत ते तसंच राहतं. म्हणून मनोरंजन पार्कातला सगळ्यात महागडा तास सकाळचा पहिला असतो, जेव्हा रांग अजून दिसतही नाही.

रांगांचं गणित जन्माला आलं ते मात्र पार्कात नव्हे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतले आग्नर एरलांग यांनी १९०९ साली पहिला लेख लिहिला, तेव्हा त्यांच्यापुढचा प्रश्न किती ऑपरेटर आणि किती तारा लागतील हा होता. फोन कधी येईल याचा नेम नसतो, त्यामुळे सरासरी बघून माणसं नेमली तरी मध्येच तुंबतं, हे त्यांनी गणितानं दाखवलं. पुढे १९६१ साली जॉन लिटल यांनी एक इतका साधा नियम सिद्ध केला की तो सिद्ध करावा लागतो याचंच नवल वाटावं: रांगेतली सरासरी माणसं म्हणजे येण्याचा वेग गुणिले थांबण्याचा सरासरी वेळ. वेगवेगळ्या रांगा, वेगवेगळी गर्दी, नियम एकच. पुढे किती माणसं आहेत आणि तासाला किती जातात एवढं कळलं की भागाकार तुम्हीही करू शकता. डिस्नेच्या पार्कांत याची एक घरगुती पद्धत होती. रांगेच्या तोंडाशी एखाद्या पाहुण्याच्या हातात लाल कार्ड द्यायचं, त्यानं ते राइडपाशी पोचल्यावर परत करायचं. कार्डाला जितकी मिनिटं लागली, तितकीच बाहेरच्या फलकाच्या कामाला येत.

मग फलाटावर दोनाऐवजी सहा जण का उभे करत नाहीत? कारण फलाटाच्या पलीकडे रूळ आहेत. रोलर कोस्टरची वाट रेल्वेसारखीच ब्लॉकमध्ये विभागलेली असते. एका ब्लॉकमध्ये एका वेळी एकच गाडी. पुढचा ब्लॉक रिकामा झाल्याचं सेन्सरनं सांगितल्याशिवाय संगणक मागच्या गाडीला सोडत नाही, बटण कितीही दाबा. समजा पुढची गाडी ब्लॉक सोडायला ६० सेकंद घेते. मग पहिल्या जादा माणसानं ७२ चे ६३ केले, दुसऱ्या जादा माणसानं फार तर ६० होतील आणि तिसरा नुसता उभा राहील. उलट फलाटावर उशीर झाला, तर फिरून आलेली गाडी बाहेरच ब्रेकवर अडकून पडते. सीएसएमटीच्या तोंडाशी सिग्नलला उभी राहिलेली लोकल आठवा. स्टेशन दिसतंय, उतरता येत नाही. राइडवाले याला स्टॅकिंग म्हणतात, आणि ब्रेकवर गाड्या साचलेल्या दिसल्या की चांगल्या सुपरवायझरला कळतं की घोटाळा फलाटावर आहे.

ही नऊ सेकंदं पट्टे तपासण्यातून वाचवायची नसतात, हे सांगायला नको. ती वाचतात आजूबाजूच्या किरकोळीतून. पुढच्या गाडीचे वीस जण गाडी यायच्या आधीच आपापल्या फाटकापाशी उभे असले की वाचतात. चपला, गॉगल, मोबाइल रांगेतच काढून घेतले की वाचतात. आणि ‘किती जण?’ विचारणारा माणूस हुशार असला की जागाही वाचतात. चारच्या ओळीत तिघांचं कुटुंब बसवलं की पाव ओळ हवेत फिरून येते. आपल्याकडचा वडापवाला ही चूक आयुष्यात करणार नाही. ‘एक सीट, एक सीट’ ओरडून तो शेवटची फट भरल्याशिवाय गाडी हलवत नाही. परदेशी पार्कांत एकट्यानं बसायला तयार असलेल्यांची वेगळी छोटी रांग असते, तिचं काम नेमकं हेच.

काही राइडनी फलाटावर गाडी थांबवण्याची कटकटच काढून टाकली. डिस्नेने १९६७ मध्ये ऑम्निमूव्हर ही पद्धत आणली. एकामागोमाग साखळीत जोडलेल्या खुर्च्या न थांबता सरकत राहतात, शेजारी त्याच वेगाने सरकता पट्टा, त्यावरून चालत जाऊन बसायचं. भुताच्या वाड्याच्या राइडला, हाँटेड मॅन्शनला, हीच पद्धत आहे. लंडन आय हा लंडनमधला प्रचंड पाळणाही तसाच. ३२ कुप्या, प्रत्येकीत २५ माणसं, अर्ध्या तासाची एक फेरी. चाक सेकंदाला अवघं २६ सेंटिमीटर सरकतं, म्हणून चालत्या कुपीत चढता येतं. तासाला १६०० माणसं होतात. आपल्या जत्रेतल्या आकाशपाळण्याचं गणित याच्या अगदी उलट. तिथे दर पाळणा खाली आणून थांबवायचा, दोघांना बसवायचं, तोल राहावा म्हणून समोरच्या पाळण्यातही कुणीतरी घालायचं. बसणं-उतरणं यातच निम्मा वेळ जातो. पण वर अडकून राहिलेल्या जोडप्यांची त्याला तक्रार नसते.

इथवर घड्याळाचा वेळ झाला. माणूस नाराज होतो तो दुसऱ्याच वेळेवर.

सेवा-व्यवसायांचे अभ्यासक डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ साली यावर एक निबंध लिहिला. त्यांचं सूत्र तीन शब्दांत बसतं: समाधान म्हणजे अनुभव वजा अपेक्षा. त्यांनी पुढे सांगितलं की रिकामं थांबणं भरलेल्या थांबण्यापेक्षा लांब वाटतं, ज्याचं कारण कळत नाही ते थांबणं कारण कळलेल्यापेक्षा लांब वाटतं, आणि अन्यायाचं थांबणं न्यायाच्या थांबण्यापेक्षा लांब. यातल्या दुसऱ्याचा अनुभव मी एका पार्कात घेतला. राइड मध्येच बंद पडली, अर्धा तास कुणी काही बोललं नाही. रांगेत आधी विनोद झाले, मग शिट्ट्या, मग पैसे परत मागायची भाषा. शेवटी आतून एक मुलगा आला आणि म्हणाला, ‘एक सेन्सर सिग्नल देत नाहीये, बदलतोय, वीस मिनिटं लागतील.’ कुणीही रांग सोडली नाही, उलट दोघांनी त्याला पाणी विचारलं. दुरुस्ती तेवढ्याच वेगाने चालली होती. हा मुलगा नेमताना त्याच्या पगाराच्या रकान्यात ‘राइड चालवणे’ लिहिलेलं असणार. त्याच्या त्या एका वाक्याला रकाना नाही.

डिस्नेला हे फार आधी कळलं. फ्लोरिडाच्या मॅजिक किंगडममध्ये सिंड्रेलाच्या किल्ल्याखाली एक नियंत्रण कक्ष असल्याचं २०१० मध्ये बातम्यांत आलं. भिंतीवरच्या पडद्यांवर प्रत्येक राइड हिरवी, पिवळी किंवा लाल. समुद्री चाच्यांची राइड पिवळी झाली की जास्त होड्या सोडायला सांगायचं. तेही पुरलं नाही तर कॅप्टन जॅक स्पॅरोचा वेष घेतलेल्या कलाकाराला रांगेत पाठवायचं. पहिला उपाय घड्याळावर, दुसरा मनावर. कंपनीच्याच पाहणीनुसार तिथला सरासरी पाहुणा दिवसभरात ४० हून अधिक राइडपैकी जेमतेम ९ करत असे; या कक्षामुळे ते १० झालं. एवढा खटाटोप आणि एक राइड? पण लाखो पाहुण्यांना प्रत्येकी एक राइड जास्त, हे थोडं नाही.

२०१२ मध्ये त्याच पार्कात उडत्या हत्तीची राइड, डंबो, दुप्पट केली. सोळा हत्तींचा एक गोल होता, तसेच दोन झाले. त्यासोबत रांगेच्या मधोमध सर्कशीच्या तंबूत खेळायची जागा केली. आईबापांच्या हातात पेजर, मुलं घसरगुंडीवर; पेजर वाजला की चला. मुलं यायला तयार नसत म्हणतात, आणि मला ते पटतं.

अन्यायाचा मुद्दा मात्र या सगळ्यांना जड गेला. १९९९ मध्ये डिस्नेने फास्टपास आणला: यंत्रातून चिठ्ठी घ्यायची, दिलेल्या वेळेला छोट्या रांगेतून आत जायचं. चिठ्ठीनं गाडीत एकही जागा वाढत नाही. माणूस एका रांगेत चिठ्ठीनं आणि दुसऱ्या रांगेत पायांनी, असा दोनदा उभा राहतो. आपल्याच उदाहरणात बघा. तासाला ११४३ जागा, त्यातल्या सत्तर टक्के चिठ्ठीवाल्यांना दिल्या तर साध्या रांगेला उरतात ३४३. तिथे तीच २२९ माणसं उभी असतील तर १२ मिनिटांची होतात ४०. शिवाय शेजारून हसत जाणारे लोक दिसतात ते वेगळंच. रांगांचे अभ्यासक रिचर्ड लार्सन यांनी १९८७ मध्येच लिहिलं होतं की मागून आलेला पुढे गेला की माणसाला खटकतं ते मिनिटांपेक्षा अन्यायामुळे. २०२१ पासून अमेरिकेतल्या डिस्ने पार्कांत फुकट चिठ्ठीची जागा पैसे देऊन घ्यायच्या सोयीनं घेतली. आपल्याकडेही एक्स्प्रेस तिकीट ओळखीचं झालंय. गर्दी कमी करणारी ती सोय नव्हे, गर्दीची विक्री आहे.

या सगळ्या शास्त्राची मोठी प्रयोगशाळा आपल्याकडे दर आषाढीला भरते. पंढरपूरची दर्शनबारी गोपाळपूरपर्यंत जाते. पायावर डोकं ठेवायला मिळणारे क्षण हा इथला फलाट. एका माणसाला दोन सेकंद धरले तर तासाला १८०० च जण होतात, वारकरी कितीही लाखांनी येवोत. तिथे माणसं वाढवून उपयोग नाही, कारण पाय दोनच. म्हणून वेळ वाढवतात. देवाचा पलंग काढतात, पाठीशी लोड लावतात आणि विठोबा चोवीस तास उभा राहतो. मुखदर्शनाची रांग वेगळी, कारण तिथे थांबावं लागत नाही, चालता चालता दर्शन होतं. ऑम्निमूव्हर म्हणा हवं तर. आणि ज्यांना बारीत उभं राहणं जमत नाही ते कळसाला हात जोडून परततात. रांगशास्त्रात रांग बघून माघारी जाणारं गिऱ्हाईक गमावलेलं धरतात. कळसाचं दर्शन घेऊन निघालेल्या म्हातारीला कुठल्या रकान्यात घालायचं, हे त्या शास्त्राला अजून ठरवायचंय.

वरच्या उदाहरणातली एक लबाडीही कबूल करतो. १२ मिनिटांचा फलक खऱ्या पार्कात टिकत नाही. तो बघून शेजारच्या राइडची माणसं इकडे येतात आणि रांग पुन्हा फुगते. म्हणून एका राइडची सुधारणा सगळ्या पार्कात थोडी थोडी वाटली जाते.

त्या सेन्सरवाल्या दिवशीच संध्याकाळी भाचीबरोबर दुसऱ्या एका राइडच्या रांगेला लागलो. फलकावर ६० मिनिटं. घड्याळ लावून दोन गाड्यांमधलं अंतर मोजलं, ७५ सेकंद. जागा २४. म्हणजे तासाला ११५२. कठड्याची एक ओळ मोजली, ओळींनी गुणलं, पुढे साधारण सातशे जण. भागाकार केला, ३६ मिनिटं. फलक मुद्दाम चढा ठेवलेला होता. भाचीला यातलं काही सांगितलं नाही. ३८ मिनिटांनी आमच्या खांद्यावर दांडा आला, निळ्या टी-शर्टातल्या पोरानं तो ओढून बघितला, आणि ती म्हणाली, ‘मामा, किती लवकर लागला नंबर!’