टोकन देण्याआधी: नाशिकमध्ये घर शोधणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

दसरा, पाडवा, अक्षय्य तृतीया जवळ आली की आमच्या इस्टेट एजन्सीच्या ऑफिसात खुर्च्या कमी पडतात. व्यवहार मुहूर्तावर करा, आमची ना नाही. घर मात्र शक्यतो भर पावसात बघा. सर्वांत वरच्या मजल्यावर असाल तर छताचे कोपरे, खाली असाल तर बाथरूमच्या मागची भिंत. हात लावून बघा. दिवाळीच्या ताज्या रंगाखाली ओल छान लपते, आणि रंग द्यायचा सल्ला मालकाला बहुतेक वेळा आम्हीच दिलेला असतो!

गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं, यावर आपण पुराचा अंदाज बांधतो. घर घेताना तेवढ्यावर भागत नाही, पूररेषेचा नकाशाच बघायचा. २००८ च्या सप्टेंबरातला पूर ज्यांनी पाहिला, त्यांना हे सांगावं लागत नाही. निळ्या रेषेच्या (वारंवार येणाऱ्या पुराची हद्द) आत नव्या बांधकामाला बंदी आहे. निळ्या आणि लाल (क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराची हद्द) रेषेच्या मध्ये अटी घालून परवानगी मिळते. म्हणजे नदीकाठचा जुना फ्लॅट आज स्वस्त वाटला, तरी पुढे इमारत पाडून बांधायची वेळ आली की अडचण. हे फक्त गोदावरीचं नाही. नासर्डी (हल्ली नंदिनी म्हणायचं) आणि वालदेवीच्या काठालाही नकाशा बघा.

पाथर्डी फाटा, म्हसरूळ, आडगाव अशा वाढत्या भागांत एकच प्रश्न विचारा: मे महिन्यात टँकर येतो का, आणि त्याचे पैसे कोण भरतं? बिल्डरला नको, वॉचमनला विचारा.

नव्या प्रकल्पाचा महारेरा (गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) नंबर त्यांच्या वेबसाइटवर टाकून बघा. फ्लॅटचा भाव कार्पेट एरियावर (घराच्या आतली प्रत्यक्ष वापरायची जागा) काढा, बिल्डर सांगतो तो फुगवलेला 'सेलेबल' आकडा कानाआड करा. नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. प्रकल्पाची जमीन ५०० चौरस मीटरपर्यंत किंवा फ्लॅट ८ पर्यंत असतील, तर महारेरा नोंदणीची सक्ती नाही. आपल्याकडे बंगल्याच्या प्लॉटवर उभ्या राहिलेल्या अशा छोट्या इमारती पुष्कळ आहेत. नंबर नाही म्हणून चांगलं घर सोडू नका, पण तिथे राखण तुमची तुम्हालाच करायची आहे.

रीसेलमध्ये पूर्णत्वाचा दाखला आणि सोसायटीची थकबाकी बघा. सातबारावरचा 'इतर हक्क' रकाना नीट वाचा, बोजा तिथेच दिसतो. ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट (मालकी आणि बोजाच्या जुन्या नोंदींची तपासणी) स्वतःच्या वकिलाकडून काढा. आम्ही सुचवलेला वकील घेतलाच पाहिजे असं नाही. गुंठेवारीच्या प्लॉटचा मोह झाला तर आधी एन.ए.चा (बिगरशेती परवानगीचा) कागद मागा. देवळालीत लष्कराच्या हद्दीजवळ बांधकामाचे निर्बंध वेगळे असतात.

खर्चाचं थोडक्यात. मुद्रांक शुल्क येतंच. घर फक्त महिलेच्या नावावर असेल तर त्यात १ टक्का सवलत आहे. नोंदणी फी १ टक्का, जास्तीत जास्त ३०,००० रुपये. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर ५ टक्के जीएसटी, परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसला तर १ टक्का. पूर्णत्वाचा दाखला आल्यावर घेतलेल्या फ्लॅटवर काहीच नाही. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर १ टक्का टीडीएस (विकणाऱ्याला द्यायच्या रकमेतला कर) कापून भरायची जबाबदारी घेणाऱ्याची. रीसेलवाले हे हमखास विसरतात आणि मग नोटीस येते.

घर दाखवायला नेऊ तेव्हा आई-वडिलांना सोबत आणा. लिफ्ट बंद पडल्यावर जिना त्यांनाही चढायचाय. बुधवारी ऑफिस बंद असतं.