वेबवरचा मजकूर सोपा कसा होत गेला

“सदर सेवेचा लाभ घेऊ इच्छिणाऱ्या अर्जदारांनी आवश्यक त्या कागदपत्रांची पूर्तता करून विहित मुदतीत अर्ज सादर करणे अनिवार्य आहे.” या वाक्यात व्याकरणाची एकही चूक नाही. तरी ते वाचून माणूस जागचा हलत नाही. कोणती कागदपत्रं, कोणती तारीख, अर्ज कुठे करायचा, यांतलं काहीच त्याच्या हाती लागलेलं नसतं. वेबसाइटवर असं वाक्य चालत नाही, हे आज बहुतेकांना पटलेलं आहे. पण हे शहाणपण वेबबरोबर जन्माला आलेलं नाही. त्याची मुळं कागदी फॉर्म आणि सरकारी पत्रांत आहेत. आणि ते पुढे सरकलं ते दर वेळी कुणीतरी मजकुरावरची नजर उचलून वाचणाऱ्याकडे पाहिलं म्हणून.

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा ब्रिटनमध्ये सरकार घराघरात पोचलं होतं. रेशन, निवृत्तिवेतन, विमा, कर, प्रत्येकाचं पत्र येई आणि त्याचा अर्थ लावताना माणूस थकून जाई. तिथल्या अर्थखात्याने सर अर्नेस्ट गॉवर्स या मुरलेल्या सनदी अधिकाऱ्याला कर्मचाऱ्यांसाठी मार्गदर्शन लिहायला सांगितलं. १९४८ मध्ये त्यांचं ‘प्लेन वर्ड्स’ हे छोटं पुस्तक निघालं. ज्याला पत्र जाणार आहे त्याच्या जागी स्वतःला ठेवून लिहा, हा त्यांचा आग्रह होता. त्याच वर्षी अमेरिकेत रुडॉल्फ फ्लेश यांनी वाचनसुलभता मोजायचं एक सूत्र मांडलं: वाक्यात सरासरी किती शब्द आणि शब्दात किती उच्चारखंड, यावरून गुण. पुढे १९७५ मध्ये अमेरिकी नौदलासाठी त्याचं रूप बदलून गुणांऐवजी शालेय इयत्ता सांगणारं सूत्र तयार झालं. आजही कितीतरी लेखन-साधनांत ते असतं. सूत्र उपयोगी आहे, पण वाक्य लांब आहे एवढंच त्याला कळतं. ते वाचून कुणाला काय समजलं, हे त्याच्या आवाक्याबाहेरचं आहे. शिवाय ते इंग्रजीच्या मापाचं. मराठीत ‘शेजाऱ्यांकडूनसुद्धा’ हा एकच शब्द होतो, आणि तो कुणालाही अवघड वाटत नाही.

सत्तरच्या दशकात ही गोष्ट भाषेच्या आवडीनिवडीपलीकडे गेली. न्यूयॉर्कच्या फर्स्ट नॅशनल सिटी बँकेने १९७५ मध्ये ग्राहकांच्या कर्जाचा करारनामा नव्याने लिहून वापरात आणला. नव्या कागदात कर्ज घेणारा ‘मी’ झाला आणि बँक ‘तुम्ही’. हप्ता वेळेवर भरला नाही तर मी थकबाकीदार ठरेन, इतक्या सरळपणे कलम लिहिलं होतं. वकिलांना भीती होती की सोप्या भाषेत कायद्याची धार जाईल. पण १९७८ मध्ये न्यूयॉर्क राज्यात ग्राहकांचे करार सोप्या भाषेत असावेत असा कायदाच लागू झाला. इकडे इंग्लंडमध्ये लिव्हरपूलच्या क्रिसी माहर यांनी १९७९ मध्ये लंडनच्या पार्लमेंट चौकात सरकारी फॉर्मच्या भर दिवसा चिंध्या केल्या आणि ‘प्लेन इंग्लिश कँपेन’ सुरू केली. माहर स्वतः बरंच उशिरा, किशोरवयात वाचायला शिकल्या होत्या. फॉर्म समजला नाही म्हणून हक्काची मदत हातची जाते, हे त्यांनी गरीब वस्त्यांत पाहिलं होतं. अवघड मजकुराची किंमत वाचणारा मोजतो आणि लिहिणाऱ्याला त्याची झळही लागत नाही. मला या सगळ्या इतिहासात हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

मग वेब आलं. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधनसंस्थेत १९८९ मध्ये त्याचा प्रस्ताव मांडला आणि १९९१ मध्ये ते बाहेरच्या जगाला खुलं झालं. पहिल्या पानाचं पहिलंच वाक्य मोठं आणि पारिभाषिक शब्दांनी भरलेलं होतं. ते शास्त्रज्ञांनी शास्त्रज्ञांसाठी लिहिलेलं होतं, त्यामुळे चाललं. पण बर्नर्स-ली यांनी पुढे लेखनाविषयी जे मार्गदर्शन लिहिलं, त्यातली एक सूचना फार दूरदृष्टीची ठरली: मजकुरात यंत्राच्या क्रियेचा उल्लेख करू नका, ‘इथे क्लिक करा’ असं लिहू नका. त्या काळी अनेक जण ज्या ब्राउझरमधून वेब पाहत, त्यात माउस नव्हताच. पडद्यावर नुसता मजकूर असे, प्रत्येक लिंकसमोर कंसात आकडा, आणि तो आकडा टाइप केला की पुढचं पान उघडे. तिथे ‘क्लिक’ला अर्थच नव्हता.

सर्नने ३० एप्रिल १९९३ रोजी हे तंत्र सर्वांना विनामूल्य खुलं केलं, आणि कंपन्यांची, कार्यालयांची पानं धडाधड वर चढली. त्यातलं बरंचसं म्हणजे छापील माहितीपत्रकच, उचलून पडद्यावर ठेवलेलं. लोक ते कसं वाचतात, हे जवळून पाहिलं याकोब निल्सन आणि जॉन मॉर्क्स या संशोधकांनी, १९९७ मध्ये. त्यांच्या पाहणीत ७९ टक्के लोक नवं पान नुसतं चाळत होते. शब्दन् शब्द वाचणारे १६ टक्के.

त्यांचा पुढचा प्रयोग तपशिलात बघण्यासारखा आहे. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याच्या पर्यटनाची एक वेबसाइट त्यांनी पाच प्रकारांनी लिहिली आणि ५१ जणांना वापरायला दिली. मूळ नमुना जाहिरातबाजीचा होता: राज्यात जगप्रसिद्ध आकर्षणं आहेत, दर वर्षी न चुकता झुंबड उडते, आणि मग स्थळांची नावं व पर्यटकांचे आकडे एकाच परिच्छेदात कोंबलेले. दुसऱ्यात शब्द जवळजवळ निम्मे केले. तिसऱ्यात शब्द तेच ठेवून स्थळांची यादी केली. चौथ्यात बढाई काढून टाकली. पाचव्यात तिन्ही एकदम. काम किती वेळात झालं, चुका किती, लक्षात काय राहिलं, समाधान किती, हे सगळं एकत्र मोजलं. शब्द निम्मे केल्याने वापरसुलभता ५८ टक्के वाढली, यादी केल्याने ४७, बढाई काढल्याने २७, आणि तिन्ही केल्यावर १२४ टक्के.

यातला २७ टक्क्यांचा आकडा मला सर्वांत बोलका वाटतो. तिथे मांडणी बदलली नव्हती, लांबीही फारशी कमी झाली नव्हती. गेली ती फक्त विशेषणं. संशोधकांचा अंदाज असा की ‘जगप्रसिद्ध’ वाचताच वाचणारा मनात त्याच्याशी वाद घालतो, आणि तेवढी शक्ती माहिती शोधण्यातून कमी होते.

निल्सन यांच्या गटाने २००६ मध्ये २३२ जणांच्या नजरेचा माग यंत्राने काढला. वरच्या ओळी आडव्या वाचल्या जात, खाली आणखी एक तोकडी फेरी, आणि मग नजर डाव्या कडेने खाली घसरे; इंग्रजी ‘एफ’ अक्षरासारखी आकृती उमटे. अनेकांनी हीच लिहायची पद्धत समजून सगळं महत्त्वाचं डावीकडे रचलं. हा मोठा गैरसमज. ती आकृती उमटते ती उपशीर्षकं नसलेल्या, भिंतीसारख्या मजकुरावर, आणि त्यात वाचणाऱ्याचं नुकसानच होतं. त्याच गटाने २०१७ मध्ये हे पुन्हा स्पष्ट सांगितलं. नजर घसरते कारण तिला थांबायला जागा मिळत नाही.

डोळ्यांनी न वाचणाऱ्यांचा विचारही याच सुमारास नियमांत आला. वेब सर्वांना वापरता यावं यासाठीचे पहिले मार्गदर्शक निकष मे १९९९ मध्ये, दुसरी आवृत्ती डिसेंबर २००८ मध्ये. दृष्टिहीन व्यक्ती स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या साधनाला, पानावरच्या सगळ्या लिंकांची यादी वाचायला सांगू शकते. अशा वेळी तिला ऐकू येतं: “येथे क्लिक करा, लिंक. येथे क्लिक करा, लिंक. अधिक वाचा, लिंक. येथे क्लिक करा, लिंक.” एकदा डोळे मिटून हे ऐकलं की ‘परीक्षेचं वेळापत्रक पाहा’ असं लिहायला दुसऱ्या कुणी शिकवावं लागत नाही. माउस नसलेल्या ब्राउझरसाठीची ती जुनी सूचना इथे वेगळ्याच कारणाने खरी ठरली.

सरकारी पातळीवर अमेरिकेने २०१० मध्ये सोप्या लेखनाचा कायदा केला. पण कामाची पद्धतच बदलली ती ब्रिटनच्या ‘गव्ह डॉट यूके’ या सरकारी वेबसाइटने, १७ ऑक्टोबर २०१२ पासून. तिथे लिहिणाऱ्याला आधी सांगावं लागे की हे पान कुणाला, कशासाठी हवं आहे. उत्तर नसेल तर पान होत नसे. या कामाला सारा रिचर्ड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘कंटेंट डिझाइन’ हे नाव दिलं, कारण उत्तर दर वेळी परिच्छेदच असेल असं नाही. सार्वजनिक सुट्ट्यांचं त्यांचं पान उघडा: पुढची सुट्टी कधी, ती तारीख सर्वांत वर, मोठ्या अक्षरांत. प्रस्तावना नाही, स्वागत नाही.

२०२३ मध्ये सोप्या भाषेचं आंतरराष्ट्रीय आयएसओ मानक आलं, क्रमांक २४४९५-१. वाचणाऱ्याला हवं ते मिळावं, सहज सापडावं, समजावं आणि वापरता यावं, अशी त्याची चार तत्त्वं आहेत. ते एका भाषेला बांधलेलं नाही, म्हणून मराठीत लिहिणाऱ्यालाही ते कामाचं आहे. इंग्रजी सल्ला जसाच्या तसा मात्र लागू पडत नाही. ‘क्रियापद आधी आणा’ हे त्यांना जमतं. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळे लांब वाक्यात काय करायचं हे शेवटपर्यंत कळत नाही. आपल्याकडे उपाय दोन: वाक्य आखूड ठेवायचं, आणि ज्याविषयी बोलतोय तो शब्द पहिला आणायचा. ‘सदर’, ‘विहित’, ‘पूर्तता’ काढले की सुरुवातीचं वाक्य असं होतं: “अर्ज ३० जूनपर्यंत करा. सोबत ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा जोडा.” खाली एक लिंक: “अर्ज भरा”.