जहाजावरच्या नोकरीचे मेडिकल: पात्रता, कागदपत्रे आणि ‘अनफिट’ ठरल्यास पुढे काय

जहाजावर रुजू होण्याआधी खलाशी असो वा कॅप्टन, प्रत्येकाला वैद्यकीय योग्यतेचे प्रमाणपत्र लागते. आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारानुसार (२००६) त्याची मुदत जास्तीत जास्त दोन वर्षे. १८ वर्षांखालील उमेदवारासाठी एकच वर्ष. रंगदृष्टीचा दाखला सहा वर्षांपर्यंत चालतो. १६ वर्षांखालील कोणालाही जहाजावर कामाला घेता येत नाही.

पात्रता

कान, डोळे आणि गरज असेल तिथे रंगांची ओळख तपासली जाते. बहुतेकांची अडचण पुढच्या अटीत असते: समुद्रावरच्या कामाने बळावेल किंवा इतरांना धोका होईल असा आजार नको. इंजिन रूममधल्या आवाजाने आधीच कमी झालेले ऐकू येणे आणखी घटते. पाळ्यांमुळे झोप तुकड्यांत होते, जेवणाच्या वेळा हलतात. अशात रक्तदाब आणि साखर आटोक्यात ठेवणे अवघड जाते. त्यातून बहुतेक मालवाहू जहाजांवर डॉक्टर नसतो. १०० किंवा अधिक माणसे आणि तीन दिवसांपेक्षा लांबचा आंतरराष्ट्रीय प्रवास असेल, तरच तो सक्तीचा. एरवी प्रशिक्षण घेतलेला अधिकारी रेडिओवरून सल्ला घेऊन उपचार करतो.

म्हणून आजार असला की नकारच, असे नाही. तो नियंत्रणात असेल तर कामावर किंवा प्रवासाच्या क्षेत्रावर मर्यादा घालूनही प्रमाणपत्र मिळू शकते. तरीही गोळ्या चालू असल्याचे लपवणारे भेटतातच. हा शहाणपणा महागात पडतो. एरवी कामाच्या काळात आलेल्या आजारपणाचा खर्च जहाजमालकावर असतो, पण नोकरी धरताना आजार मुद्दाम लपवला असेल तर तो हात वर करू शकतो.

सोबत काय न्यावे

पासपोर्ट, खलाशी ओळखपुस्तिका, जुने वैद्यकीय प्रमाणपत्र, लसीकरणाची नोंद, चष्मा. चालू औषधांची चिठ्ठी आणि जुन्या शस्त्रक्रियेचे कागद विसरू नका. ते नसले की बहुधा दुसरी फेरी पडते. कोणते पद आणि कोणता मार्ग, हेही डॉक्टरांना सांगा. पीतज्वराची लस लागणाऱ्या बंदरांकडे जायचे असेल तर घाई करा, तो दाखला लस घेतल्यावर दहा दिवसांनी वैध होतो.

तपासणी सागरी प्रशासनाने मान्य केलेल्या डॉक्टरांकडेच करावी. नेहमीच्या डॉक्टरांचे पत्र माहितीसाठी उपयोगी, पण प्रमाणपत्राच्या जागी चालत नाही.

मुदत संपली किंवा नकार मिळाला तर

प्रवासातच मुदत संपल्यास, मान्यताप्राप्त डॉक्टर मिळेल अशा पुढच्या बंदरापर्यंत जुने प्रमाणपत्र चालते, मात्र तीन महिन्यांच्या वर नाही. ‘अनफिट’ ठरलात किंवा मर्यादा पटली नाही, तर दुसऱ्या स्वतंत्र डॉक्टरांकडून फेरतपासणी मागण्याचा हक्क आहे. त्यासाठी नकाराचे कारण आणि सगळे अहवाल पहिल्याच दिवशी मागून घ्या.