सातबारा, संगणकीकृत

महाराष्ट्रातील शेतजमिनीच्या अधिकार अभिलेखाचा संगणकावर ठेवलेला व डिजिटल स्वाक्षरीने प्रमाणित होणारा उतारा. गाव नमुना सात (अधिकार अभिलेख) व गाव नमुना बारा (पिकांची नोंदवही) या उताऱ्यात एकत्र येतात.

या अभिलेखाचे मूळ काही जण 1836 च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी सुरू केलेल्या जमीन मोजणीत शोधतात. सर्व्हे नंबर, क्षेत्र व आकार (जमिनीवरचा सारा) ही चौकट त्या मोजणीने दिली हे खरे. पण तिचा रोख सारावसुलीवर होता. हक्क कोणाकडून कोणाकडे कसा गेला, याची सलग नोंद 1903 च्या मुंबई अधिकार अभिलेख अधिनियमामुळे होऊ लागली. 1913 मध्ये या तरतुदी 1879 च्या जमीन महसूल संहितेत आल्या. त्यामुळे 1903 हा आरंभ धरणे अधिक सयुक्तिक दिसते, अर्थात मुंबई इलाख्यापुरता. विदर्भ व मराठवाड्यातील दप्तरांची परंपरा निराळी होती. सध्या 1966 ची महाराष्ट्र जमीन महसूल संहिता व 1971 चे नियम लागू आहेत.

संगणकीकरणाचा आरंभही एकच नाही. केंद्राने 1988-89 मध्ये आठ राज्यांतील एकेक जिल्हा प्रायोगिक म्हणून निवडला, त्यात वर्धा होता. 2008 मध्ये राष्ट्रीय भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम आला. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा 1 मे 2018 पासून मिळू लागला. नागरिकाला हा शेवटचा टप्पा दिसतो. प्रशासनाच्या दृष्टीने मात्र ई-फेरफार (हक्कातील बदलाची ऑनलाइन नोंद) प्रणाली अधिक मोलाची, कारण तिने उताऱ्याच्या छपाईऐवजी नोंद घेण्याची रीतच बदलली. दस्त नोंदवला की त्याची माहिती दुय्यम निबंधकाकडून ऑनलाइन महसूल खात्याकडे येते. तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी) फेरफार धरून हितसंबंधितांना नोटीस काढतो. हरकतीसाठी पंधरा दिवस ठेवून मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. हरकत आल्यास प्रकरण तक्रार नोंदवहीत जाते.

खरे कष्ट हस्तलिखित व संगणकीय उतारा जुळवण्यात गेले. जुन्या उताऱ्यांवर कित्येक हिस्से आणे-पैत होते, ते हेक्टर-आरमध्ये उतरवावे लागले. खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज सर्व्हे नंबरच्या एकूण क्षेत्राशी जुळेना. पोटखराबा (सर्व्हे नंबरमधील लागवडीस अयोग्य जमीन) कोणाच्या वाट्याचा, हेही अनेक ठिकाणी स्पष्ट नव्हते. 2017 च्या सुमारास चावडी वाचन करून गावासमोर उतारे वाचले गेले. लेखनप्रमादांसाठी तहसीलदाराने 1966 च्या संहितेच्या कलम 155 खाली आदेश द्यायचा असतो. 2020 च्या सुधारित नमुन्यात, कमी झालेल्या नावाला नुसता कंस न करता, कंस करून त्यावर आडवी रेघही येते.

नमुना बारासाठी 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. तीत शेतकरी मोबाइलवरून छायाचित्रासह पीक नोंदवतो.

याच संहितेच्या कलम 157 नुसार अधिकार अभिलेखातील नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. ती मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे, आणि डिजिटल स्वाक्षरीने यात फरक पडलेला नाही.