गळू आणि सेल्युलायटिस: पू साठलाय की संसर्ग पसरतोय?

गळू म्हणजे काय हे कुणाला सांगावं लागत नाही. केसाच्या मुळाशी लाल गाठ येते, ठणकते, पिकते, तोंड धरते, फुटली की आराम पडतो. जंतू बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस ऑरियस. एवढं पुरे.

घोळ होतो तो पुढे. पोटरीवर लाली, सूज दिसली की घरात ‘गळू येतंय’ असं ठरतं आणि पोटीस बांधून ते पिकायची वाट बघितली जाते. सेल्युलायटिस असेल तर ते पिकणारच नाही. त्यात पू एका जागी जमलेला नसतो. जंतू, बहुधा स्ट्रेप्टोकॉकस, त्वचेखालच्या थरांत पसरत असतात. वाट बघण्यात गेलेला दिवस त्यांच्याच पथ्यावर पडतो.

म्हणून आधी बघायचं ते हेच: आत पू आहे का? पिकलेलं गळू मधोमध लिबलिबीत लागतं आणि ठणका त्याच जागी असतो. सेल्युलायटिसमध्ये अख्खा पट्टा गरम, ताणलेला, दुखरा असतो. लालीला ठळक कड नसते, सोबत बरेचदा ताप आणि हुडहुडी. उपचारही वेगळे. गळवाच्या पोकळीत रक्त पोचत नाही, त्यामुळे गोळ्यांचा प्रभाव आत तोकडा पडतो. डॉक्टरांनी चीर देऊन पू काढणं हाच मुख्य इलाज. सेल्युलायटिसमध्ये काढायला काहीच नसतं, तिथे अँटिबायोटिकच हवं आणि पाय उशीवर उंच. गळवाभोवती सेल्युलायटिस असेल तर दोन्ही लागतं. बोटांनी कळत नसेल तर सोनोग्राफीत पू दिसतो. हे काहीच न बघता मेडिकलमधून ‘सुजेच्या गोळ्या’ आणणं मला अजिबात मान्य नाही. घरी गळू पिळणं तर त्याहून वाईट, आणि नाकाजवळचं किंवा वरच्या ओठावरचं तर कधीच पिळू नये.

दोन्ही पाय एकाच वेळी लाल झाले असतील तर सेल्युलायटिसची शक्यता कमी.

पावसाळ्यात पायाच्या बोटांच्या बेचक्या उघडून बघा. चिखल्यांनी फाटलेली पांढरी कातडी हीच अनेकदा जंतूंची वाट असते. ती बरी केली नाही तर सेल्युलायटिस पुन्हा होतं.

लालीच्या कडेने पेनाने रेघ मारा, वेळ लिहा. औषध सुरू केल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत ती रेघेबाहेर थोडी सरकू शकते. पण झपाट्याने पसरली, कातडी काळी पडली, फोड आले किंवा दिसतंय त्यापेक्षा कितीतरी जास्त दुखत असेल, तर रात्र असली तरी थेट हॉस्पिटल गाठा. मधुमेह असेल तर इतकंही थांबू नका.